ते छिद्र आवाजासाठी नव्हते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात माझ्याविषयी एक बातमी आली. मथळा होता, 'निवृत्त एस.टी. मेकॅनिकचा भन्नाट जुगाड. फणसाच्या लाकडापासून शून्य खर्चात गिटार'. सोबत फोटो. फोटोत मी मांगराच्या, म्हणजे सामान ठेवायच्या शेडच्या, दारात उभा आहे, हातात गिटारची बॉडी उलटी धरली आहे आणि तिच्या पाठीला अंगठा जाईल एवढे भोक आहे. फोटोखाली ओळ: 'आवाज घुमावा म्हणून पाठीमागे खास ठेवलेले छिद्र'.

संपादक महोदय, ते छिद्र मी ठेवलेले नाही. ते पडले. फेब्रुवारी २०२४ मधल्या एका सकाळी माझ्याच चुकीने पडले, आणि ती बॉडी तेव्हापासून मांगरात खिळ्यावर टांगलेली होती, कारण चुलीत घालायला हात झाला नाही. आपले वार्ताहर आले तेव्हा खरी गिटार मुलीकडे कुडाळला होती. "काका, फोटोसाठी हातात काहीतरी घ्या," म्हणाले. मी तीच खाली काढली. तेव्हा अर्धी चूक माझी आहे. चहा पिता पिता मी काय काय बोललो आणि त्यांनी काय काय टिपून घेतले, तेही आता आठवत नाही.

माझ्यापुरते असते तर मी गप्प बसलो असतो. पण परवा देवगडहून एका मुलाचा फोन आला. त्याच्याकडे चांगली विकत घेतलेली इलेक्ट्रिक गिटार आहे आणि तिला मागून भोक कुठे पाडू, एक इंची की दीड इंची, असे तो विचारत होता. ड्रिल मशीन शेजाऱ्याकडून आणून ठेवले होते म्हणे. त्याला अडवले. पण न विचारणारे किती असतील, या विचाराने रात्री झोप नीट लागली नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, सांभाळून घ्यावे.

आधी ते 'घुमण्या'चे. कॉलेजच्या गॅदरिंगला जी साधी गिटार असते तिचे पोट पोकळ असते आणि तारेचा बारीक आवाज त्या पोटात मोठा होतो. सतारीचा, तानपुऱ्याचा भोपळा तेच काम करतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या वार्ताहरांच्या डोक्यात तोच भोपळा असावा. इलेक्ट्रिक गिटारचे तसे नाही. तिच्या तारा पोलादाच्या. तारांखाली पिकअप नावाची बोटभर लांबीची डबी असते, आत सहा लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवले ते हेच. मी एकतीस वर्षे एस.टी.च्या गाड्यांचे अल्टरनेटर उघडले, त्यामुळे मुलीने पहिल्यांदा पिकअप उघडून दाखवला तेव्हा मला नवल वाटले नाही, ओळख पटली. तिथे पट्टा फिरवतो, इथे बोट छेडते, एवढाच फरक.

उलट पोकळ पोट या वाद्याला त्रासाचेच. मंडळाच्या स्टेजवर माईक स्पीकरसमोर आला की जी कुंईऽऽ शिट्टी वाजते, तसेच होते. स्पीकरचा आवाज पोट हलवतो, पोट तार हलवते, तार पुन्हा स्पीकरला आवाज पाठवते. ही कटकट टाळायची म्हणून तर भरीव गिटार आली. अमेरिकेत लेस पॉल नावाच्या वादकाने १९४०च्या सुमारास चार इंची चौकोनी पाईनच्या खांबावर तारा ओढल्या. लोकांना ते ध्यान गिटार वाटेना, म्हणून दोन्ही बाजूंना एका गिटारचे दोन अर्धे नुसते दिसण्यासाठी जोडले. पुढे १९५० साली फेंडर कंपनीने सरळ फळीतून कापलेली गिटार बाजारात आणली आणि तिचे नाव १९५१ मध्ये टेलिकास्टर झाले. माझ्या मुलीकडे आहे ती त्याच घडणीची.

मग जे वाद्य पोकळीपासून पळत सुटले होते त्यात मी पुन्हा पोकळी का कोरली? खांद्यासाठी. दुसरे कारण नाही.

मुलगी दिवसा नोकरी करते आणि गणपती, जत्रा, लग्नाचे हंगाम आले की ऑर्केस्ट्रात वाजवते. तिची जुनी गिटार आम्ही मासळीच्या काट्यावर टांगून वजन केली होती: ४ किलो ३०० ग्रॅम. चार किलो म्हणजे काय मोठेसे, असे वाचकांना वाटेल. चार किलो तांदळाची पिशवी पट्ट्याने डाव्या खांद्याला अडकवा आणि तीन तास उभे राहा. वर हसतमुख दिसायचे. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात एका कार्यक्रमाहून आली ती हात वर करून केसही विंचरू शकत नव्हती. "बाबा, खांदा गेला माझा," एवढेच म्हणाली आणि जेवता जेवता उजव्या हाताने खांदा चोळत राहिली. तिच्या आईने खोबरेल तेल गरम केले. मी काटा शोधायला गेलो.

हा पोकळीचा उपाय जगात पहिल्यांदा मलाच सुचलेला नाही, हेही स्पष्ट करतो. फेंडरनेच १९६८ साली टेलिकास्टरची थिनलाइन नावाची आवृत्ती काढली, आतून कप्पे कोरून हलकी केलेली. त्याच्याही आधी, १९५३ साली, ग्रेच कंपनीची एक गिटार दिसायला भरीव पण आत पोकळ्या असलेली होती. गिब्सनने २००६पासून आपल्या लेस पॉल गिटारी अशाच आतून कोरायला घेतल्या. थिनलाइनला वरच्या बाजूला इंग्रजी एफच्या आकाराची खाच असते. माझ्या गिटारला तीही नाही. बाहेरून तिच्यावर एकही जादा भोक नाही, हे देवगडच्या मुलाने ध्यानात घ्यावे.

कप्प्यांमुळे आवाज बदलतो का? गिटारवाले यावर इतके भांडतात की भजनाची डबलबारी (दोन बुवांचा सामना) बरी. प्लग न लावता नुसती छेडली तर जुनीपेक्षा जरा मोठी ऐकू येते, हे मी स्वतः ऐकले आहे. स्पीकरला जोडल्यावर मला तरी फरक कळला नाही. मुलगी म्हणते कळतो. कान तिचे आहेत.

आता लाकूड. 'वाया जाणारे लाकूड' असे बातमीत आहे. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले तेव्हा परसातला कापा फणस मुळासकट गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आडवा झाला. माझ्या आजोबांच्या हातचे झाड. दुसऱ्याच आठवड्यात जळणवाला टेम्पो घेऊन दारात. त्याला लोकांनी पडलेली आंब्याची झाडे दिली, फणसाची दिली. कोणाचे चुकले असे मी म्हणत नाही, घरावर कौले नव्हती आणि हातात पैसा हवा होता. पण फणसाचे लाकूड म्हणजे आपल्या जुन्या घरांची दारे, देव्हारे, पाट. दक्षिणेत तंजावरची वीणा याच लाकडाची कोरतात. ते वाया जाणारे नव्हते, जायला निघालेले होते. फणस हे १९६४च्या झाडतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीतले झाड आहे, त्यामुळे पडलेल्या झाडासाठीही कागदांच्या फेऱ्या झाल्या. त्यावर वेगळे पत्र लिहीन, तेव्हाही जागा द्यावी.

पाऊस संपल्यावर गिरणीत दोन-दोन इंची फळ्या पाडून घेतल्या. ताजा फणस कापताना आतून लिंबासारखा पिवळा निघतो आणि करवतीला चीक धरतो. गिरणीवाल्याच्या शिव्या अजून कानात आहेत. फळ्या मांगरात एकीवर एक रचल्या, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या काठ्या ठेवून, म्हणजे वारा खेळतो. टोकांना गेटचा उरलेला लाल ऑइलपेंट फासला, कारण लाकूड टोकाकडून लवकर सुकते आणि तिथेच चिरते. सुतार सांगतात, इंचाला एक वर्ष. मी दोन वर्षांवर थांबलो. मधल्या काळात एक फळी दर महिन्याला वजन करून आकडा तिच्यावरच खडूने लिहीत होतो. एप्रिलमध्ये ४ किलो १०० भरलेली फळी ऑगस्टमध्ये ४ किलो ३२० भरली. मांगरात, छपराखाली, थेंबही न लागता. हे दोनशे वीस ग्रॅम नुसत्या हवेतले पाणी. तो आकडा मी लिहिला, वाचला आणि पुढे विसरलो. त्याची शिक्षा पुढे मिळाली.

बातमीत 'एकट्याने बनवली' असेही आहे. ही चूक मला सगळ्यांत जास्त लागली, भोकापेक्षाही. आमच्या वाडीतले मेस्त्री अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आयुष्यभर दारे, खिडक्या, तुळया आणि मधली काही वर्षे होड्या केल्या. मी त्यांना कागदावरची आकृती दाखवली तर म्हणाले, "ह्या काय? कासवाची पाठ?" समजावून सांगितले की मध्ये भरीव, दोन्ही कडांना पोकळ, वर पातळ फळीचे झाकण. त्यांनी कागद परत दिला आणि माझी फळी जमिनीवर ठेवली. तिच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवल्या, उकिडवे बसून एक डोळा मिटला आणि पट्ट्यांच्या कडा एकमेकींशी जुळतात का पाहिले. जुळत नव्हत्या. फळीला पीळ होता, मला दोन महिने दिसला नव्हता. "वाजतला तेव्हा वाजतला," म्हणाले, "आधी सपाट तरी होवंदे."

तो पीळ त्यांनी रंध्याने काढला. मी मशीन आणायला निघालो होतो. मग दोन फळ्यांच्या कडा एकत्र धरून रंधल्या आणि एकीवर एक उभ्या करून उजेडाकडे धरल्या. सांध्यातून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा एक हात. तिसऱ्या वेळेला रेघ गेली. असा सांधा गोंदाने बसतो, क्लॅम्पच्या जोराने बसवायचा नसतो, हे मी साठाव्या वर्षी शिकलो.

बॉडीचे गणित असे. एकूण जाडी ४५ मिलिमीटर: खालचा भाग ३८ आणि वरचे झाकण ७. लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी सव्वाबत्तीस. मधोमध, मान (तारा दाबायचा दांडा) बसते तिथपासून शेपटापर्यंत, ११ सेंटिमीटर रुंद पट्टा भरीव ठेवायचा, कारण मानेचे स्क्रू, पिकअप आणि ब्रिज (खालच्या टोकाला तारा टेकतात तो भाग) सगळे त्याच पट्ट्यावर. तारांचा सगळा ताण तिथे. कडेने १५ मिलिमीटरची भिंत, तळाला ८ मिलिमीटर. खांद्याच्या पट्ट्याचे बटण जिथे येणार त्या शिंगात, म्हणजे बॉडीच्या पुढे आलेल्या टोकात, चार सेंटिमीटर लाकूड जास्त सोडायचे, नाहीतर कार्यक्रमात स्क्रू उपटून गिटार पायावर. उरलेल्या जागेत ३० मिलिमीटर खोल कप्पे. माझ्या हिशेबाने ही बॉडी भरीव राहिली असती तर २ किलो ६५० भरली असती; कप्पे कोरून, झाकण लावून १ किलो ९७० भरली. म्हणजे ६८० ग्रॅम लाकूड भुसा होऊन मांगराच्या जमिनीवर पडले. त्या पिवळ्या भुशाने मला आठ दिवस शिंका आल्या आणि अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर हळद शिंपडल्यासारखी झाली. त्याबद्दल घरात जे बोलणे झाले ते छापण्यासारखे नाही.

कप्पे कोरायला राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारे यंत्र. एमडीएफचा (दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळीचा) फर्मा वर बसवायचा, पात्याच्या दांड्यावरचे बेअरिंग फर्म्याच्या कडेने फिरते आणि पाते खाली तोच आकार कापते. आधी ड्रिलने भोके पाडून बरेचसे लाकूड काढून टाकायचे आणि मग राउटरने एका फेरीला पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त खोल जायचे नाही. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज इतके उतरते की राउटर आजारी भुंग्यासारखा घुमतो, म्हणून मी सकाळी सहा ते नऊ काम करायचो.

त्या सकाळी पहिल्या बॉडीचा शेवटचा कप्पा चालला होता. राउटरच्या तोंडात पाते धरणारा चिमटा असतो, कोलेट. पाते त्यात पार तळाला टेकवायचे नाही. टेकवून दोन मिलिमीटर मागे घ्यायचे आणि मग नट आवळायचा, तरच पकड नीट बसते. मी टेकवून आवळला. काम चालू असताना पाते केसाकेसाने खाली सरकत गेले. वरून काही दिसत नव्हते, कप्पा भुशाने भरलेला. पण आवाज बदलला होता, थोडा पातळ झाला होता. एकतीस वर्षे मी गाडी आगाराच्या फाटकातून आत येताना आवाजावरून सांगायचो की कुठले बेअरिंग गेले. तो आवाज मी ऐकला, आणि एवढी एक फेरी झाली की थांबू म्हणालो. मग एकाएकी पिवळा भुसा यायचा थांबला आणि पांढरट भुसा यायला लागला. दोन क्षण मी त्याच्याकडे बघत राहिलो, लाकडाचा रंग बदलला की काय म्हणून. तो फणसाचा नव्हताच. खाली ठेवलेल्या पॅकिंगच्या फळीचा होता.

राउटर बंद केला. बॉडी उलटी केली. तेच भोक, जे आपल्या पानावर चार कॉलमांत छापून आले.

मेस्त्री आले, त्यांनी भोकात अंगठा घातला, दुसऱ्या बाजूने बाहेर काढून बघितला. "बरा झाला," म्हणाले. "लाकूड खंय संपता ता तुका आता कळला." डाट मारून भागले असते का, असे मी विचारले. त्यांनी भोकाच्या आजूबाजूला नखाने टकटक करून दाखवले. वीतभर जागा पापडासारखी वाजत होती. टांगली खिळ्याला.

दुसरी बॉडी नीट झाली. इतकी नीट की मला घाई झाली. जुलै २०२४मध्ये, बाहेर धो धो पाऊस, मी झाकण चिकटवायला काढले. मेस्त्री नको म्हणत होते. "पावसात लाकूड फुगलेला असता. आता चिकटवलंस काय मागसून रडतलस." फळीवर खडूने लिहिलेले ४ किलो ३२० माझ्या समोरच होते. तरी चिकटवले. फेविकॉल, होते नव्हते तेवढे सगळे क्लॅम्प, वर आईच्या जात्याची वरची तळी आणि भंगारातून आणलेले गाडीचे दोन कमानपाटे. सांधा असा बसला की नख लागेना. मी खूश.

जानेवारीत एका सकाळी पॉलिशची तयारी म्हणून बॉडी दारात आणली आणि ऊन तिरपे पडले. कप्प्यांचा सगळा नकाशा वर उमटला होता. मधला पट्टा उंच, दोन्ही बाजूंना हलका खळगा, शिंगात जिथे जास्त लाकूड सोडले होते तिथली रेघसुद्धा. हात फिरवला तर जेमतेम कळत होते, पण डोळ्याला अगदी साफ. पावसात पाणी प्यायलेले पातळ झाकण थंडीत सुकून आक्रसले. भरीव लाकडावर चिकटलेला भाग जागेवर राहिला, पोकळीवरचा खाली बसला. मुलगी म्हणाली चालेल, लांबून कोणाला दिसते. मला दिसत होते.

सगळे झाकण रंध्याने उतरवायला तीन दिवस लागले. एक फायदा झाला. झाकण निघाल्यावर लक्षात आले की ब्रिजखाली न्यायच्या अर्थिंगच्या तारेची खोबण पाडायचीच राहिली होती. ती नसती तर स्पीकरमधून पन्नास सायकलचा घूंऽऽ आवाज कायमचा सोबतीला. खोबण पाडली, पिकअपच्या खाचांना आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला आणि फेब्रुवारीत, कोरड्या दिवसांत, नवे झाकण बसवले. त्यानंतर एक पावसाळा गेला. आता तिरप्या उन्हात धरली तरी वरचा भाग तसाच सपाट आहे.

मान मी केलेली नाही. विकत आणली. बातमीत 'संपूर्ण गिटार' असे आहे, त्यात ती येत नाही, म्हणून सांगतो. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर, बारावा पडदा (मानेवरची आडवी धातूची पट्टी) बरोबर निम्म्यावर, ३२४वर, आणि बाकीचा प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीला १७.८१७ने भागून काढायचा. तिथे अर्धा मिलिमीटर चुकला तर सूर कायमचा रुसतो. माझी हिंमत झाली नाही. पण मानेची खाच मात्र मेस्त्रींनी केली, ५६ मिलिमीटर रुंद, १६ खोल. राउटरने मी जरा कमी कापले, उरलेले त्यांनी पटाशीने तासले. आगारात आम्ही बेअरिंग बसवताना निळा रंग लावून बघायचो की कुठे टेकते. त्यांनी चुलीची काजळी बोटावर घेऊन मानेच्या टाचेला लावली, खाचेत दाबली, काढली आणि जिथे काळे लागले तिथून कागदाएवढी ढलपी उडवली. असे वीस-बावीस वेळा. शेवटी एकही स्क्रू न लावता मान हातात धरून उचलली तर खाली अख्खी बॉडी लोंबत राहिली. मेस्त्री तेव्हा पहिल्यांदा हसले. मग मानेच्या दोन्ही कडांनी दोन दोरे ब्रिजपर्यंत ताणून मध्य काढला, गवंडी भिंत रचताना दोरी ताणतो तसा.

खर्चाचे: 'शून्य' नव्हे. गिरणी, राउटर आणि पाती, मान, पिकअप-ब्रिज-खुंट्या, गोंद, पॉलिशची लाख आणि स्पिरिट मिळून वीस हजारांच्या घरात गेले. यात वाया गेलेले लाकूड धरलेले नाही आणि मेस्त्रींचे हातही नाहीत. ते पैसे घेईनात. "तुझ्या चेडवाक (मुलीला) सांग, आमच्या देवळात एकदा वाजव म्हणान." तिने जत्रेत वाजवली. ते पुढच्या रांगेत बसले होते आणि सगळा वेळ गिटारच्या मानेच्या सांध्याकडे बघत होते.

आणि 'जुगाड'. हा शब्द मी हलका मानत नाही. फोंडा घाटात रात्री अकराला डिझेलची टाकी गळायला लागल्यावर अंगाचा साबण मळून भेगेत भरणे आणि पन्नास माणसे घरी पोचवणे म्हणजे जुगाड. मी केले आहे, अभिमान आहे. पण सकाळी आगारात आल्यावर तो साबण खरवडून टाकी उतरवून नीट करतात, साबणाचा फोटो काढत नाहीत.

तयार गिटारचे वजन ३ किलो ३१० ग्रॅम आहे, त्याच मासळीच्या काट्यावर. झाकण बसवले तेव्हा लिंबासारखे पिवळे होते. आता मधाच्या रंगाचे झाले आहे, आणि मुलीचा उजवा हात जिथे टेकतो तिथे अजून जरा फिके आहे. गेल्या गणपतीत तिने सलग पाच रात्री वाजवले. खांद्याबद्दल काही बोलली नाही. मीही विचारले नाही. तेलाची वाटी फडताळातून बाहेर आली नाही, एवढे बघितले.

तेव्हा विनंती अशी की फोटोखालच्या ओळीची दुरुस्ती ठळक छापावी. दुसरे, बातमी आल्यापासून लोक फणसाचे ओंडके रिक्षात घालून दारात आणत आहेत, परवाचा तर सकाळीच तोडलेला होता, चीक गळत होता. मी गिटारी करून विकत नाही, आणि मांगरात जागा उरलेली नाही. ज्यांच्याकडे पडलेला फणस आहे त्यांनी फळ्या पाडून, मध्ये काठ्या घालून, टोकांना रंग लावून आपल्याच पडवीत ठेवाव्यात आणि दोन वर्षांनी, शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये, यावे. सकाळी सहा ते नऊ मी असतो. मेस्त्री असतील तर त्यांनाही बोलावीन.

फोटो पुन्हा छापायचा असल्यास मुलगी रविवारी घरी असते, खरी गिटार तिच्याकडे आहे. भोकाची बॉडी मी खिळ्यावरून काढून माळ्यावर टाकली आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एस.टी. मेकॅनिक,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

(नाव बातमीत आलेच आहे, आडनावात एक काना जास्त पडून. ते आता तसेच राहू द्यावे.)